तोनिरच्या काठावर

[दृश्य : जमिनीतला तोनिर, वरून. आत निखारे.]

जमिनीत पुरलेल्या या मातीच्या भट्टीला तोनिर म्हणतात. हे गाव गार्नी, आर्मेनियाची राजधानी येरेवानच्या पूर्वेला. द्राक्षाच्या वेलींच्या छाटलेल्या काड्या सकाळीच पेटवल्या होत्या. आता जाळ बसलाय, निखारे उरलेत आणि आतली भिंत चांगली तापलीय. लवाश म्हणजे इथली पातळ पोळी. ती भाजायला जाळ चालत नाही, भिंतीची धग लागते.

[दृश्य : परात, मळलेलं पीठ, हात.]

गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि मागच्या खेपेला राखून ठेवलेला आंबलेला गोळा. यापलीकडे पिठात काही नाही. तरी ही पोळी एकटीने कुणी करत नाही. घरातल्या, शेजारपाजारच्या बाया जमतात आणि कामं वाटून घेतात.

एक जण गोळे लाटते. दुसरी लाटलेली पोळी या हातावरून त्या हातावर झेलत ताणत नेते. खानदेशात मांडे करताना पाहिले असतील तर ही लकब ओळखीची वाटेल. पलीकडचा हात दिसू लागेल इतकी पोळी पातळ झाली, की ती लांबट उशीवर पसरायची आणि कडा ओढून बसवायच्या. मग तिसरी बाई उशी हातात धरून तोनिरच्या तोंडाशी वाकते आणि पोळी आतल्या भिंतीवर थापते.

[दृश्य : तेच पुन्हा, संथ गतीने.]

हे परत एकदा बघा. उशी टेकली आणि लगेच बाहेर आली. हात धगीत राहतो तो डोळ्याची पापणी लवेपर्यंत. जोर कमी पडला तर पोळी सुटून निखाऱ्यात पडते. जोर जास्त झाला तर ती फाटते. किती जोर लावायचा ते कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही. आईच्या, सासूच्या शेजारी बसून, तिचं मनगट बघत बघत ते शिकावं लागतं.

मिनिटभराच्या आत पोळीवर फोड येतात, काही करपतात, कडा सुटतात. लोखंडी आकड्याने ती ओढून काढायची आणि चळतीवर टाकायची. तोवर पुढची पोळी उशीवर तयार असते.

काठावर बसलेल्या या आजी फार बोलत नाहीत. मधूनच तोनिरवर तळहात धरतात आणि मान हलवतात, की सून दोन काड्या आत सारते.

[दृश्य : वाळलेल्या लवाशची चळत, पाण्याचे हबके.]

शरद ऋतूत एकदा बसलं की हिवाळ्याची बेगमी होते. लवाश वाळवून चळत रचून ठेवतात आणि ती काही महिने टिकते. खायच्या वेळी पाण्याचा हबका मारायचा आणि फडक्यात गुंडाळून ठेवायचं. पोळी परत मऊ पडते, इतकी की तिच्यात चीज आणि हिरवा पाला गुंडाळून खाता येतो. थंडीत गायीच्या पायांचा रस्सा, म्हणजे खाश, रात्रभर उकळतात, त्यात मात्र वाळलेलाच लवाश चुरून घालतात. आणि लग्नात नवरानवरी दारात आली, की सासू दोघांच्या खांद्यांवर लवाश टाकते. घरात बरकत नांदावी म्हणून.

[दृश्य : येरेवानचा बाजार, घड्या घातलेले लवाश.]

२०१४ साली युनेस्कोने आर्मेनियाच्या लवाशची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. दोन वर्षांनी अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान यांनी मिळून केलेली पातळ पोळ्यांची नोंदही त्याच यादीत आली. तिच्यातही लवाशचं नाव आहे. पोळी कुणाची, यावर या भागात आजही हिरिरीने भांडण होतं. आमचं म्हणणं एवढंच, की वारसा म्हणून गौरव करताना तो ज्यांच्या मनगटात आहे त्या बायांकडे आधी बघावं. पुरुष तोनिर बांधतात, उशा बनवतात, तेही कसबाचंच काम आहे. पण धगीपुढे तासन्‌तास बसतात त्या बायाच.

[दृश्य : येरेवानमधलं छोटं स्वयंपाकघर. पालेभाज्यांचा ढीग.]

ही दुसरी भाकरी आणि ही दुसरी बाई. त्या स्तेपानाकर्त शहरातल्या, म्हणजे नागोर्नो काराबाखच्या. अझरबैजानच्या हद्दीतला, पण आर्मेनियन वस्तीचा असा हा डोंगराळ प्रदेश होता. भाकरीचं नाव झेंग्यालोव हात्स.

शेपू, कोथिंबीर, पालक, कांद्याची पात, आंबट पाल्याचे एकदोन प्रकार आणि डोंगरउतारावर उगवणाऱ्या रानभाज्या. दहा प्रकार तर असतातच, हौशी बाई वीसपर्यंत जाते. सगळं निवडायचं, धुवायचं आणि अगदी कोरडं करायचं, नाहीतर पीठ ओलं होऊन फुटतं. बारीक चिरून मीठ-तेल अगदी शेवटी लावायचं, कारण मिठाने पाला पाणी सोडतो. पातळ लाटलेल्या पोळीच्या मधोमध मूठ-दोन मुठी सारण ठेवायचं, दोन्ही कडा वर आणून चिमटीने शिवण घालायची आणि तळहाताने दाबून होडीसारखा आकार द्यायचा. मग शिवण खाली करून तव्यावर. मांस नाही, दूध नाही, त्यामुळे ईस्टरआधीच्या उपवासातही ही भाकरी चालते.

सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने लष्करी कारवाई केली आणि काही दिवसांत एक लाखाहून अधिक लोक काराबाख सोडून आर्मेनियात आले. त्याआधी नऊ महिने काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिनचा रस्ता अडवलेला होता, स्तेपानाकर्तमध्ये पावासाठी रांगा लागत होत्या.

[दृश्य : चिमटीने घातली जाणारी शिवण, जवळून.]

ही शिवण बघा. चिमूट, दुमड, चिमूट. नजर दुसरीकडे असली तरी बोटं थांबत नाहीत. काराबाखच्या कितीतरी बाया येरेवानमध्ये आता हेच करून घर चालवतात. कुणी दुकानाच्या कोपऱ्यात तवा मांडलाय, कुणी घरूनच मागणीप्रमाणे करून देतं. सरकारी मदत आहे, पण येरेवानची घरभाडी तिला पुरून उरतात.

गावाकडच्या काही रानभाज्या इथल्या बाजारात मिळत नाहीत. त्याऐवजी बाई पालक आणि बीटचा पाला जास्त घालतात. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, त्यांना स्वतःला कळतो. शनिवारी मागणी दुप्पट होते. त्या दिवशी भाजी निवडायला दोघी शेजारणी येतात, दोघी स्तेपानाकर्तच्याच. आणि दुपारच्या आत भाकऱ्या संपतात.