ओळख पटेल असा फोटो

मित्रहो, पाऊस सुरू झाला की आपल्या सगळ्यांचे मोबाइल किडे, फुलपाखरं आणि सरडे यांच्या फोटोंनी भरून जातात. फोटो फार सुरेख असतात. खाली प्रश्न असतो, 'हे काय आहे?' आणि पुष्कळदा उत्तर देता येत नाही, कारण ओळख पटवणारी खूण नेमकी फोटोत आलेली नसते. आज त्या खुणांबद्दल बोलू.

घाणेरीच्या फुलांवर एक काळं फुलपाखरू बसलंय. पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, मागच्या पंखांवर लाल ठिपके. हे क्रिमझन रोज असेल, नाहीतर कॉमन मॉरमॉनची मादी. क्रिमझन रोजची अळी ईश्वरीच्या वेलीची विषारी पानं खाते, ते विष फुलपाखरातही उतरतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनची अळी कढीपत्त्यावर, लिंबावर वाढते, तिच्यात असलं विष नाही. पण मॉरमॉनच्या काही माद्या क्रिमझन रोजचं हुबेहूब सोंग घेतात. अशा वेळी पंखांवर कितीही अचूक फोकस साधला तरी संशय राहतो. अंग बघा. क्रिमझन रोजचं अंग लाल असतं, मॉरमॉनचं काळं. फुलाआड लपलेलं ते अंग मिळावं म्हणून दोन पावलं बाजूला सरका, एवढंच माझं म्हणणं आहे.

लहानशा निळ्या फुलपाखरांची गोष्ट उलटी. त्यांच्या पंखांची निळी वरची बाजू सगळ्यांना टिपायची असते, पण जाती वेगळ्या करायला पंख मिटल्यावर दिसणारे ठिपके आणि रेघा लागतात. आणि फोटोची तारीख कधीही काढून टाकू नका. कॉमन इव्हिनिंग ब्राऊनच्या पंखांखाली पावसाळ्यात डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके असतात; कोरड्या दिवसांत ते जवळजवळ नाहीसे होतात आणि तेच फुलपाखरू वाळक्या पानासारखं दिसतं. तारीख नसेल तर नवखा माणूस त्या दोन जाती मानून बसेल.

मुंग्यांचा फोटो काढलात तर आधी पाय मोजा. आठ भरले तर तो मुंगीचं रूप घेतलेला कोळी आहे. पुढचे दोन पाय तो मुंगीच्या स्पर्शकांसारखे वर धरतो, म्हणून वरवर पाहणाऱ्याला सहाच दिसतात.

आता पाली आणि सरडे. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण सह्याद्रीत या गटावर गेल्या काही वर्षांत फार मोलाचं काम झालंय. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याला रंगीत पंखा असलेला सरडा दिसतो. 2016 साली या सरड्यांचा नवा अभ्यास प्रसिद्ध झाला, 'सरडा' ही नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (इंग्रजीत जीनस), ठरली आणि चाळकेवाडीच्या सरड्याला सरडा सुपर्बा हे शास्त्रीय नाव मिळालं. नर पंखा फुलवून बसला असेल तर काम सोपं. पण मादीला असा रंगीत पंखा नसतो. तिच्या फोटोसोबत नेमकं ठिकाण नसेल, तर जाणकारही हात टेकतात.

पालींचं तर बरंचसं रहस्य पोटाकडच्या बाजूला असतं. बोटांखालच्या पट्ट्या किती आणि कशा, नराच्या मांड्यांखाली छिद्रांची ओळ आहे का, हे पाहावं लागतं. पाठीचा फोटो कितीही स्पष्ट असला तरी यातलं काहीच दिसत नाही. त्यासाठी पाल पकडू नका. रात्री दिव्याजवळच्या खिडकीच्या काचेवर ती येते, तेव्हा दुसऱ्या बाजूने फोटो घ्या, सगळं मिळतं. जंगलातल्या निमास्पिस पालींना अशी काच कुठली? तिथे 'निमास्पिस' एवढंच लिहून थांबावं. प्रजातीपर्यंत येऊन थांबणं हे पूर्ण उत्तर आहे, आणि ओढूनताणून लावलेल्या जातीच्या नावापेक्षा अभ्यासकाला ते कितीतरी उपयोगी पडतं.

हौशी फोटोची ताकद केवढी असते, ते हिमाचलातल्या चंबा भागात दिसलं. 2020 च्या टाळेबंदीत एका विद्यार्थ्याने घराच्या परिसरात दिसलेल्या कुकरी सापाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. सरीसृपांचे अभ्यासक झीशान मिर्झा यांच्या तो नजरेला पडला. पुढे प्रत्यक्ष नमुने तपासले, डीएनए पाहिला, आणि 2021 मध्ये ऑलिगोडॉन चुराहेन्सिस ही नवी जात जाहीर झाली. फोटोने दार दाखवलं. आत जायला नमुनेच लागले.

शेवटी सापांबद्दल, कारण इथे चूक जिवावर बेतते. बिनविषारी कवड्या आणि जहाल विषारी मण्यार फोटोत सारखे दिसतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे बहुधा उलट. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. या खुणा लांबून, झूम करून घेतलेल्या फोटोत पाहायच्या. साप हातात असताना किंवा पायाशी असताना नाही.

आणि कुणाला साप चावला असेल, तर ओळख पटवत बसू नका. फोटो कुणाला पाठवू नका, उत्तराची वाट पाहू नका, सापाच्या मागे जाऊ नका. मण्यारीच्या दंशाला पुष्कळदा वेदना नसते, सूज नसते. झोपेत चावली तर माणसाला कळतही नाही. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. ती सुरू करायला डॉक्टरांना फोटो लागत नाही, रुग्ण वेळेत पोहोचलेला लागतो.