आधी धावती उंची, मग दांडे

मागच्या चाकांचा आस, म्हणजे एक्सल, गाडीच्या चासीला वरच्या दोन आणि खालच्या दोन दांड्यांनी जोडणाऱ्या चार दांड्यांच्या सस्पेन्शनची भूमिती मी आज मांडावी असे ठरले आहे. त्याआधी एका चुकीबद्दल बोलणे मला भाग आहे, कारण स्प्रिंगऐवजी गाडीचे वजन पेलणारी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, लावलेल्या ज्या गाड्या माझ्यापुढे तक्रार घेऊन आल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी हीच चूक होती. बॅगांतली हवा सोडून गाडी पूर्ण खाली बसलेली असताना मापे घेतली जातात आणि त्या मापांवर दांडे कायमचे वेल्ड केले जातात.

कमानपाटा वजन पेलतो आणि एक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. पाटे काढून बॅग बसवली की पेलणे तेवढे बॅगेकडे जाते. एक्सल पुढे-मागे किंवा बाजूला सरकू न देणे आणि चाकांना जोर मिळताच त्याला पीळ खाऊ न देणे, हे सारे दांड्यांवर येऊन पडते. हे ध्यानात न घेता बॅगेच्या निवडीवर आठवडाभर खल करणारे आणि दांड्यांची लांबी जागेवरच अंदाजाने कापणारे लोक पाहिले की मला मनापासून वाईट वाटते.

एक पिकअप माझ्याकडे आली होती. ठरावीक वेगाच्या पुढे सीटखाली सतत थरथर जाणवे. मालकाने गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंत जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट दोनदा बॅलन्स करून घेतला होता, त्याच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस बदलले होते, टायरही नवे घातले होते. मी कोनमापक लावला, तेव्हा गिअरबॉक्सचा शाफ्ट मागे 3 अंश खाली झुकलेला आणि पिनियनचे, म्हणजे एक्सलमध्ये जोर घेणाऱ्या दातेरी शाफ्टचे, तोंड 3 अंश वर, म्हणजे दोन्ही अक्ष अगदी समांतर निघाले. युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग वर-खाली करतो आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तरच दोन्हीकडचे चढउतार एकमेकांना मारतात. इथे तर कोन सारखेच होते. पूर्ण दिवस मी दुसरीकडे दोष शोधला. दुसऱ्या दिवशी बॅगांत हवा भरून, गाडी जिथे धावते त्या उंचीवर आणून, तेच माप पुन्हा घेतले. पिनियन 1 अंशावर आलेला होता.

झाले असे होते की वरचे दांडे 400 मिलिमीटरचे, खालचे 600 चे आणि दोन्ही आडव्या पातळीत बसवले होते, तेही गाडी जमिनीला टेकलेली असताना. चासी 130 मिलिमीटर वर उचलली गेली, की आखूड दांडा एक्सलचा माथा जास्त पुढे ओढी आणि पिनियनचे तोंड खाली जाई. त्याच गाडीचा, एक्सलला बाजूला सरकू न देणारा 800 मिलिमीटरचा पॅनहार्ड दांडाही खालच्याच स्थितीत आडवा बसवलेला होता. धावत्या उंचीवर तो इतका तिरका होई, की चाक 50 मिलिमीटर वर-खाली झाले तरी एक्सल एकूण सुमारे 16 मिलिमीटर बाजूला सरके आणि टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासे. तोच दांडा धावत्या उंचीवर आडवा असता, तर हे सरकणे जेमतेम दीड मिलिमीटर झाले असते.

माझा वेळ संपत आला आहे, म्हणून उरलेले भराभर सांगतो. आधी धावती उंची ठरवा आणि बॅगेच्या जागी त्या उंचीचा लोखंडी तुकडा टॅक मारून, म्हणजे तात्पुरता वेल्ड करून, ठेवा. दोन्ही बाजूंचे वरचे-खालचे दांडे एकमेकांना समांतर आणि समान लांबीचे असले, तर एक्सल कितीही वर-खाली झाला तरी पिनियनचा कोन टिकतो. ते असमान असले आणि एकच चाक वर गेले, तर दोन्ही बाजू एक्सलला उलट दिशांना पिळतात. वरचे दांडे मध्याकडे पुरेसे तिरके नेले, तर पॅनहार्ड लागत नाही. बॅग खालच्या दांड्यावर बसवायची असेल, तर हिशेब करा: 600 च्या दांड्यावर बिजागरीपासून 400 वर बसलेल्या बॅगेला दीडपट भार सोसावा लागतो. दाबली की बॅग फुगते, म्हणून तिच्याभोवती सगळीकडून मोकळी जागा हवी. एक्सलला फार वर येण्यापासून अडवणारा बंपस्टॉप वेगळा ठेवा.

सगळे टॅकवर असताना बॅगेशिवाय, जॅकने, एक्सल पूर्ण वरून पूर्ण खालपर्यंत न्या. गाडीखाली जाण्याआधी चासी आधाराच्या लोखंडी घोड्यांवर टेकवा, बॅगेतल्या हवेच्या भरवशावर कधीही राहू नका. दांड्यांच्या टोकांतल्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटी, धावत्या उंचीवर आवळा. ते खालच्या स्थितीत आवळले, तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि आतले रबर लवकर फाटते.