राजा सज्जात, वडील सभेत

(दृश्य: एडिनबराचा असेंब्ली हॉल)

मे महिना. चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेसबिटेरियन पंथाच्या चर्चची जनरल असेंब्ली, म्हणजे सर्वोच्च सभा, भरली आहे. वर सज्जात बसलेत ते राजाचे प्रतिनिधी. त्यांना मान आहे, मत नाही. सज्जा सभेच्या हद्दीबाहेरच धरतात. या चर्चचा मस्तक एकटा ख्रिस्त. राजा नाही, पोप नाही, बिशपही नाही.

मग कारभार कोण बघतं? वडील, म्हणजे त्यासाठी निवडलेले चर्चचे सभासद. मराठी बायबलात हाच शब्द आहे, आणि ‘प्रेसबिटेरियन’ हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं, त्याचा अर्थही हाच. वय मात्र मोठंच हवं असं नाही, बरं का! पाळक (धर्मगुरू) आणि वडील मिळून मंडळीचं, म्हणजे एका स्थानिक चर्चचं, ‘कर्क सेशन’. त्यावर आसपासच्या मंडळ्यांची प्रेसबिटरी, सर्वांत वर असेंब्ली. तिचा अध्यक्ष म्हणजे मॉडरेटर. वर्ष सरलं की खुर्ची दुसऱ्याला. बायकांना वडील व्हायला मात्र 1966 उजाडावं लागलं.

(दृश्य: तळहातावर शिशाचा छोटा बिल्ला)

हा बिल्ला प्रभुभोजनाचा, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचा. पूर्वी भोजनाआधी माणसाची श्रद्धा आणि वागणूक पारखत, मगच हा हातात पडे. बिल्ला नाही, तर मेजाशी जागा नाही. पोरंटोरं धर्मशिक्षणाची 107 प्रश्नोत्तरं घोकत. पहिलाच प्रश्न: माणसाचं मुख्य ध्येय काय? उत्तर: देवाचं गौरव करणं आणि सदासर्वकाळ त्याच्यात आनंद मानणं. एवढ्या कडक शिस्तीच्या लोकांनी ‘आनंद’ हा शब्द पहिल्याच उत्तरात घालावा, याचं मला अजून नवल वाटतं.

(दृश्य: जॉर्ज स्ट्रीट, एडिनबरा)

पण पाळक नेमायचा कुणी? 1712च्या कायद्याने तो हक्क जमीनदारांना दिला. मंडळीला नको असलेला पाळक तिच्या माथी मारला जाई, आणि कोर्टही जमीनदाराच्याच बाजूने उभं राही. 18 मे 1843 रोजी याच रस्त्यावरच्या चर्चमध्ये भरलेल्या असेंब्लीत निषेध वाचला गेला, आणि पाळक, वडील उठून बाहेर पडले. साडेचारशेहून अधिक पाळकांनी पगार सोडला, देऊळ सोडलं, राहतं घरही सोडलं. थॉमस चामर्स यांच्या अध्यक्षतेखाली फ्री चर्च उभं राहिलं. जमीनदारांचा तो हक्क रद्द झाला 1874 मध्ये.

(दृश्य: गिरगाव चौपाटी, विल्सन कॉलेज)

याचे पडसाद मुंबईतही उमटले. इथले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन फ्री चर्चकडे गेले. हे कॉलेज त्यांच्याच नावाचं. 1870 मध्ये स्कॉटलंडमधल्या फ्री चर्चच्या असेंब्लीने त्यांना मॉडरेटर केलं. मिशनरी स्टीफन हिस्लॉपही फ्री चर्चचेच. ते 1845 मध्ये नागपूरला पोचले.

त्याच नागपुरात, 29 नोव्हेंबर 1970 रोजी, अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. प्रेसबिटेरियन वारशाच्या मंडळ्याही त्यात आल्या आणि त्यांनी एकीसाठी बिशप मान्य केला. पाळकाचा हुद्दा मात्र नव्या चर्चमध्ये ‘प्रेसबिटर’ असाच ठेवला गेला.