हरलेल्याची सोय

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ठाण्यात निवडणुकीवर बोलायचं तर जपून बोलावं लागतं. समोर बसलेल्यांत शिक्षक असतात, बँकवाले असतात, महापालिकेतले असतात आणि त्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी इलेक्शन ड्युटी केलेली असते. केंद्रावर रात्र कशी काढायची, सतरा-सीचा, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाचा, फॉर्म भरताना घाम कसा फुटतो, हे तुम्हाला मी काय सांगणार? मी बोलणार आहे ते निकालानंतरच्या आठवड्यांविषयी.

आपल्याकडे हरलेला उमेदवार काय करतो? मशीनला नावं ठेवतो, कोर्टात जातो, पक्ष बदलतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा उभा राहतो. त्याच्या दारात कार्यकर्ते असतात, फौज नसते. यादवी युद्धातून नुकत्याच उठलेल्या देशात हरलेल्याकडे तोफा असतात. तिथे मतदान पार पाडणंही कठीण, पण त्याहून कठीण हरलेल्याची सोय लावणं. शांतता करार लिहिणारे नेमके हेच कलम घाईत उरकतात, असं माझं मत आहे.

अंगोलाचं पाहा. 1975 मध्ये पोर्तुगीज गेले आणि लगेच यादवी पेटली. एका बाजूला सरकार, 1979 पासून दुस सांतुस यांचं, दुसऱ्या बाजूला सविंबी यांची ‘उनिटा’ ही बंडखोर संघटना. सरकारच्या हाती तेल, सविंबींना पुढे हिऱ्यांच्या खाणी. 1991 च्या मे महिन्यात करार झाला आणि सप्टेंबर 1992 मध्ये मतदान ठरलं. सोळा महिन्यांत दोन्ही फौजा मोडायच्या, त्यांतून एक राष्ट्रीय सेना उभी करायची, मतदारनोंदणी करायची. देखरेखीला संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक किती? 350! मोहिमेच्या प्रमुख मार्गारेट ॲन्स्टी होत्या. या मोहिमेविषयीच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाचा क्रमांक योगायोगाने 747 होता. बाई म्हणत, मला 747 विमान उडवायला दिलंय आणि इंधन मात्र जुन्या, छोट्या डीसी-3 विमानापुरतं. शेजारच्या नामिबियात 1989 मध्ये, कितीतरी कमी लोकवस्तीसाठी, हजारो सैनिक उतरवले होते. जाता जाता सांगतो, त्या सैन्याचे सेनापती आपले लेफ्टनंट जनरल प्रेमचंद होते.

अंगोलातलं मतदान छान झालं. लोक उन्हात रांगा लावून उभे राहिले, नोंदणी झालेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं. दुस सांतुस यांना 49.57 टक्के, सविंबींना 40 टक्के. पन्नास टक्के कुणालाच नाहीत, म्हणजे नियमाप्रमाणे दुसरी फेरी व्हायला हवी. ती झालीच नाही. सविंबींनी निकाल नाकारला, महिनाभरात राजधानी लुआंडात गोळीबार सुरू झाला, आणि पुढचं युद्ध संपायला सविंबी मारले जाईपर्यंत, म्हणजे 2002 पर्यंत, वाट पाहावी लागली.

आपल्या सोसायटीत हरलेला सेक्रेटरी दप्तर देत नाही, तेवढ्याने दोन वर्षं मेंटेनन्सचे हिशेब अडतात. सविंबींकडे दप्तर नव्हतं, न मोडलेली फौज होती. शिवाय त्यांच्यापुढे दुसरं होतं तरी काय? सगळी सत्ता एकाच खुर्चीत. ती मिळाली तर सगळं, नाही तर काहीच नाही. मी त्यांची वकिली करत नाही. तो माणूस क्रूर होता. पण क्रूर माणसाशीच करार करायचा असतो, ही या विषयातली मोठी पंचाईत आहे.

यादवीतूनच उठणाऱ्या मोझांबिकने हा धडा लगेच घेतला. तिथला करार रोममध्ये 4 ऑक्टोबर 1992 ला झाला, म्हणजे अंगोलात मतदान झाल्यावर चार-पाच दिवसांनी. निवडणूक वर्षभरात घ्यायची असं कागदावर होतं, पण ती ऑक्टोबर 1994 वर नेली: आधी शस्त्रं खाली, मग मतं. सहा हजारांवर शांतिसैनिक आले. घरी परतणाऱ्या सैनिकाला एकूण दोन वर्षांचा पगार हप्त्याहप्त्याने मिळेल अशी व्यवस्था झाली. आणि ‘रेनामो’ या बंडखोर संघटनेचा राजकीय पक्ष व्हावा म्हणून देणगीदार देशांनी वेगळा निधी उभारला, दीड कोटी डॉलरच्या वर. कार्यालयं, गाड्या, नेत्यांना राजधानीत राहायची सोय. ज्यांनी गावं जाळली त्यांना पैसे? हो. ऐकायला कडू लागतं, पण मला विचाराल तर तो पैसा सत्कारणी लागला. मतदानाच्या आदल्या दिवशी रेनामोचे नेते ध्लाकामा यांनी बहिष्कार पुकारला. फोनाफोनी झाली, ते परत आले, मतदान एक दिवस वाढवलं. ते हरले, 53 विरुद्ध 34 टक्क्यांनी. पण अडीचशेच्या संसदेत त्यांच्या पक्षाचे 112 जण बसले.

सगळं गोड झालं नाही. जिथे रेनामोला जास्त मतं पडली त्या प्रांतांतही गव्हर्नर सत्ताधाऱ्यांचेच. ती खदखद राहिली आणि 2013 मध्ये बंदुका पुन्हा निघाल्या. 2019 मध्ये नवा करार झाला, त्याच्या आधीच्या वर्षी गव्हर्नर निवडण्याची पद्धत घटनेत बदलावी लागली. हरलेल्याची अर्धवट लावलेली सोय पंचवीस वर्षांनी पुरी केली म्हणा.

आता नेपाळ, कारण तो आपल्याला लांबचा नाही. घोडबंदरच्या किती सोसायट्यांच्या गेटवर नेपाळी माणसं उभी आहेत! त्यांना इथून मत देता येत नाही, गावी जावं लागतं. तिथे नोव्हेंबर 2006 मध्ये सरकार आणि बंडखोर माओवादी यांच्यात करार झाला. माओवाद्यांनी शस्त्रं कुणाच्या हवाली केली नाहीत. ती छावण्यांमध्ये कंटेनरात ठेवली, किल्ली त्यांच्याचकडे. बाहेर संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक, कॅमेरा आणि भोंगा. नेपाळी सेनेनेही तेवढीच शस्त्रं कुलपात ठेवली. कुणी शरण गेलं, असं म्हणायला जागा उरली नाही. सुरुवातीच्या पहाऱ्याला भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातले निवृत्त गुरखे होते.

संविधान सभेची निवडणूक दोनदा पुढे ढकलून 10 एप्रिल 2008 ला झाली. थेट लढतीच्या 240 जागांपैकी 120 माओवाद्यांनी घेतल्या. नेपाळी काँग्रेसला 37. नुसत्या या हिशेबावर देश सोडला असता, तर जुने पक्ष कोपऱ्यात गेले असते. पण 335 जागा मतांच्या टक्केवारीवर होत्या. त्यांतून काँग्रेसला आणखी 73 मिळाल्या आणि ती 110 वर गेली. भांडणं, रुसवेफुगवे, सरकारं पाडणं, सगळं सभागृहात झालं. पहिली सभा संविधान न देताच विसर्जित झाली, ते यायला 2015 उजाडलं, दक्षिणेकडच्या मधेशात त्यावरून रक्तही सांडलं. तरी सेना आणि माओवादी यांचं युद्ध परत पेटलं नाही.

लायबेरियाविषयी थोडक्यात. 1997 मध्ये लोकांनी चार्ल्स टेलर या टोळीप्रमुखालाच पंचाहत्तर टक्के मतं दिली, कारण हा हरला तर पुन्हा लढेल अशी धास्ती होती. निवडून आला तरी दोन वर्षांत युद्ध आलंच. तो 2003 मध्ये सत्ता सोडून देशाबाहेर गेला, पंधरा हजारांची शांतिसेना आली, 2005 मध्ये एलेन जॉन्सन सर्लीफ निवडून आल्या. आपल्या सीआरपीएफच्या महिलांची तुकडी 2007 पासून तिथे होती. आणि 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वेआ जेमतेम वीस हजार मतांनी हरले, तेव्हा अधिकृत निकालाआधीच प्रतिस्पर्ध्याला फोन करून त्यांनी अभिनंदन केलं.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं, मग निवडणूक पुढेच ढकलत राहायची का? नाही. ढकललेल्या वेळात काम झालं पाहिजे. मोझांबिकने एका वर्षात फौजा मोडल्या. दक्षिण सुदानात सरकार आणि रिएक मचार यांचे बंडखोर यांच्यात 2018 चा करार आहे. मतदान आधी 2022 अखेर होतं, मग डिसेंबर 2024, आता डिसेंबर 2026. दोन्ही बाजूंच्या फौजा एक करायचं काम मात्र अर्धवट आहे. मार्च 2025 मध्ये तर उपराष्ट्राध्यक्ष रिएक मचार यांनाच नजरकैदेत ठेवलं. करारावर ज्यांची सही, तोच माणूस कुलपाआड. आणि तिथल्या सरकारी सैनिकांचेही पगार 2024 मध्ये कित्येक महिने थकले होते.