परवाना कुणाला आणि कशासाठी?

[दृश्य : तालुक्याच्या पोलीस ठाण्याचं आवार. टेबलावर नोंदवही, शेजारी चिठ्ठ्या बांधलेल्या बंदुका.]

निवडणुकीची आचारसंहिता लागली की महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांमध्ये एक काम हमखास सुरू होतं. परवानाधारकांना नोटिसा जातात, शस्त्र जमा करा. कुणी कमरेचं पिस्तूल काढून टेबलावर ठेवतो. कुणी फडक्यात गुंडाळलेली ठासणीची बंदूक खांद्यावरून उतरवतो. दोघांच्याही हातात पावती पडते.

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू भरावी लागते, छर्रे घालावे लागतात, गजानं ठासावं लागतं. एक बार काढला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. पिस्तुलातून काही सेकंदांत पाच-सहा गोळ्या सुटतात, आणि ते शर्टाखाली लपतं. सार्वजनिक सुरक्षिततेचा विचार करताना या दोन हत्यारांना एकाच रांगेत उभं करणं आम्हाला पटत नाही.

[दृश्य : कोकणातली भातशेती. बांधावर रानडुकरांनी उकरलेली माती.]

सिंधुदुर्गात, रत्नागिरीत बंदूक म्हणजे मुख्यतः शेतीसंरक्षणाची बंदूक. रात्री रानडुकरांचा कळप भातात शिरला तर सकाळपर्यंत शेत लोळलेलं असतं. दिवसा माकडं नारळ आणि काजू ठेवत नाहीत. म्हणून शेतकरी बार काढतो, बहुतेक वेळा नुसता आवाजासाठी. आता वेळापत्रक पाहा. विधानसभेच्या निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, तेव्हा भात कापणीला आलेलं असतं. लोकसभेच्या एप्रिल-मेमध्ये, तेव्हा काजू-आंब्याचा हंगाम असतो. २०२४ मध्ये दोन्ही निवडणुका अशाच आल्या. पीक उभं असताना राखणीचं साधन पोलीस ठाण्यात, म्हणून शेतकरी दर वेळी सूट मागतात. त्यांची तक्रार अगदी रास्त आहे.

खरं तर कायद्यानं हा फरक आधीच ओळखलेला आहे. शस्त्र अधिनियम, १९५९. त्याच्या तेराव्या कलमात पीक राखण्यासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हवं असेल, तर त्यासाठी सबळ कारण आहे अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणजे या देशात बंदूक मागून मिळत नाही, कारण द्यावं लागतं. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि शहरात पोलीस आयुक्त ते कारण तपासतात, त्यासाठी पोलिसांचा अहवाल मागवतात.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. इंग्रजी अमदानीतली कचेरी.]

शस्त्र बाळगणं हा नागरिकाचा हक्क आहे, हे या कायद्याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मुळापासून ऐकलं पाहिजे. १८५७ च्या उठावाची धास्ती इंग्रजांच्या मनातून गेली नव्हती. लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ मध्ये, शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती झाली, गोऱ्यांना सूट मिळाली. हा अपमान लोक विसरले नाहीत. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नागरिकाला नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क हवा, असं स्पष्ट म्हटलं होतं. स्वातंत्र्यानंतर संविधानात तो हक्क आला नाही. एकोणिसाव्या अनुच्छेदात एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य आहे, पण शांततेनं आणि विनाशस्त्र.

आज हा युक्तिवाद वेगळ्या शब्दांत येतो. शेतवस्तीवर दरोडा पडला तर पोलीस पोहोचेपर्यंत माणसानं काय करायचं? गुन्हेगार परवाना काढायला जात नाही, मग बंधनं सरळमार्गी माणसावरच का?

यात तथ्य आहे. पोलीस दर वर्षी जप्त करतात त्या हत्यारांत विनापरवाना हत्यारांचीच संख्या प्रचंड मोठी असते. सातपुड्यात, जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी गाव आहे. तिथल्या गावठी पिस्तुलांचा माग काढत महाराष्ट्राचे पोलीस वर्षानुवर्षं फिरताहेत. गावठी कट्ट्याचा हा रस्ता बंद केल्याशिवाय परवान्याच्या कागदावर कितीही काटेकोरपणा दाखवला तरी तो अर्धवटच राहणार.

पण म्हणून परवान्याची बंदूक निर्धोक ठरते का?

[दृश्य : वर्तमानपत्रांची कात्रणं. फेब्रुवारी २०२४.]

२ फेब्रुवारी २०२४. उल्हासनगरचं हिललाइन पोलीस ठाणं. जमिनीच्या वादाची तक्रार घेऊन दोन गट आले होते. वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळीबार झाला आणि तो सीसीटीव्हीत टिपला गेला. एका विद्यमान आमदाराला त्याच रात्री अटक झाली. चालवलेलं शस्त्र परवान्याचं असल्याचं समोर आलं. पुढच्याच आठवड्यात दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाची फेसबुक लाइव्ह सुरू असताना हत्या झाली, आणि मारेकऱ्यानं स्वतःलाही संपवलं. ते पिस्तूल मारेकऱ्याच्याच अंगरक्षकाचं होतं, असं तपासात निघालं.

पिस्तूल हाताशी असतं तेव्हा भांडणाचा शेवट ठरायला दोन सेकंद पुरतात. पोलीस ठाण्यातल्या खाकी वर्दीचाही धाक त्या दोन सेकंदांत उरत नाही. कर्जतच्या फार्महाऊसवरचा व्यावसायिक असो की गल्लीतला पुढारी, स्वसंरक्षणाचा अर्ज मंजूर करताना ही शक्यता डोळ्यांसमोर असायलाच हवी.

बीडचं उदाहरण तर राज्यानं पाहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा निर्घृण खून झाला. त्यात बंदूक वापरली गेली नव्हती. पण जिल्ह्यातल्या दहशतीची चर्चा सुरू झाली, तशी परवान्यांची यादी बाहेर आली : बाराशेहून अधिक. कमरेला पिस्तूल लावलेले फोटो आणि हवेत बार काढतानाचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरू लागले. मग प्रशासन हललं, आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. ज्यांच्यावर गुन्हे दाखल होते अशांकडेही परवाने होते, हे तेव्हा उघड झालं. गुन्ह्यांची नोंद पोलिसांच्याच दप्तरात असते. ती आणि परवान्यांची यादी शेजारी ठेवून पाहायला एक खून का व्हावा लागला, याचं उत्तर बीडकरांना मिळालेलं नाही.

[दृश्य : जिल्हाधिकारी कार्यालयाचा पायरीमार्ग. फायलींचे गठ्ठे.]

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. तिकडे लग्नाच्या वरातीत आनंदानं झाडलेल्या गोळ्यांनी माणसं मेली आहेत. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनं अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. एका माणसाकडच्या शस्त्रांची कमाल मर्यादा तीनवरून दोनवर आणली. हे चांगलं झालं. त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच केली. पाच वर्षांत माणसाची परिस्थिती बदलते, वैर जडतं, गुन्हे दाखल होतात.

तपासणी अशक्य आहे, असं कुणी म्हणू नये. निवडणुकीच्या वेळी प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती बसते. कोण जामिनावर आहे, कुणावर दंगलीचा गुन्हा आहे, कुणाचं शस्त्र ठेवून घ्यायचं, हे ती काही दिवसांत ठरवते. सरसकट जमा करून घेऊ नका, एकेकाचं प्रकरण पाहा, असं मुंबई उच्च न्यायालयानंही सांगितलेलं आहे. हीच समिती दर वर्षी बसवा. कायद्याच्या सतराव्या कलमात सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना रद्द करण्याचा अधिकार आहे, तो वापरा. आणि भात कापणीला आलेल्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक त्याच्या घरी राहू द्या.