बॅटरी नाही, तरी कार्ड बोलतं कसं?

[टेबलावर मेट्रो कार्ड. खोलीतला दिवा बंद. कार्डामागून मोबाइलचा टॉर्च.]

नमस्कार. जरा जवळ या आणि स्क्रीनचा उजेड वाढवा. कार्डाच्या कडेनं बारीक तार फिरलेली दिसतेय? काही वेढेच आहेत. आणि इथे हा काळा ठिपका, ती चिप. तुमच्या कार्डाचा रंग गडद असेल तर उजेड आरपार येणार नाही, पण आत ऐवज हाच. तार आणि चिप. बॅटरी कुठेच नाही.

मग मेट्रोच्या गेटवर हे कार्ड टेकवलं की चिप जागी होते, आपली ओळख पटवते, शिल्लक सांगते, भाडं वजा करून नवा आकडा लिहून ठेवते. या सगळ्याला वीज लागते. ती आली कुठून?

गेटनं दिली. आपण कार्ड जिथे टेकवतो तिथे आत तारेचं आणखी एक वेटोळं असतं. त्यातली वीज सेकंदाला 1 कोटी 35 लाख 60 हजार हेलकावे खात असते, म्हणजे 13.56 मेगाहर्ट्झ. त्यामुळे भोवतालचं चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहतं, आणि अशा क्षेत्रात दुसरं वेटोळं नेलं की त्यात आपोआप वीज निर्माण होते. फॅरडेनं 1831 मध्ये हे दाखवलं, आपण दहावीत 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' म्हणून पाठ केलं. तेच हे.

वीज मिळाली. पण कार्ड उत्तर कसं देतं? मला हा भाग फार आवडतो. जुन्या इमारतीत एकाच पाइपवर दोन घरं असतात ना? वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की आपल्याकडची धार बारीक होते. वरून कुणी काही बोललेलं नसतं, तरी आपल्याला कळतं. कार्डाची चिप नेमकं हेच करते. मिळणारी वीज क्षणात जास्त ओढते, क्षणात कमी. गेटला आपल्या वेटोळ्यावरचा भार बदललेला जाणवतो, आणि त्या चढउतारातून तो एक आणि शून्य वाचतो. असं अगदी जवळून वीज देत-घेत बोलण्याच्या या सगळ्या तंत्राला एनएफसी, म्हणजे 'निअर फील्ड कम्युनिकेशन' म्हणतात. त्यातल्या भार बदलून उत्तर देण्याच्या युक्तीला 'लोड मॉड्युलेशन'.

आता अंतर. हे क्षेत्र फार भराभर विरतं. वेटोळ्यापासून थोडं दूर गेल्यावर अंतर दुप्पट झालं की जोर जवळपास एक-अष्टमांश उरतो. म्हणून चार-पाच सेंटिमीटरच्या पुढे कार्ड सहसा गप्पच. लोक याला उणीव समजतात. मला ती सोय वाटते, कारण कार्ड टेकवणं हीच तुमची संमती.

माझ्या आईला मात्र अजून धास्ती आहे, 'पर्समधल्या कार्डातून गर्दीत कुणी पैसे काढले तर?' प्रश्न योग्य आहे. बँकेच्या कार्डावर पिन न टाकता एका वेळी 5,000 रुपयांपर्यंतच व्यवहार होतो. शिवाय पैसे घेणारं यंत्र कुठल्या तरी दुकानदाराच्या बँक खात्याला जोडलेलं असतं, त्यामुळे माग राहतो. तरी मन धजत नसेल तर बँकेच्या ॲपमध्ये ही सोय बंद करता येते. आईचं कार्ड मी तसंच ठेवलंय.

आता फास्टॅग. त्यातही बॅटरी नाही, पण तो काही मीटरवरून वाचला जातो. इथे युक्ती निराळी आहे. लहानपणी आरशानं समोरच्या भिंतीवर कवडसा पाडलाय? आरशाकडे स्वतःचा उजेड नसतो, सूर्याचाच तो परत पाठवतो. आरसा हलवला की कवडसा हलतो. टोलनाक्यावरचं वाचक-यंत्र 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या लहरी गाडीवर सोडतं. काचेवरची पट्टी त्यातूनच चिपपुरती वीज घेते आणि उरलेल्या लहरी कमी-जास्त परतवत आपला क्रमांक कळवते.

ही कल्पना जुनी आहे. 1945 मध्ये मॉस्कोत सोव्हिएत मुलांनी अमेरिकी राजदूताला कोरीव लाकडी राजचिन्ह भेट दिलं. त्यात सोव्हिएत संशोधक लिओन थेरेमिननं बनवलेलं, बॅटरी नसलेलं ऐकण्याचं उपकरण दडवलेलं होतं. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की खोलीतलं बोलणं त्या लहरींवर उमटून परत जायचं. 1952 मध्ये सापडेपर्यंत ते राजदूताच्या घरात होतं!

2022 मध्ये एक व्हिडिओ सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरला. काच पुसणारा मुलगा हातातल्या घड्याळानं फास्टॅगमधले पैसे काढतो म्हणे. तो खोटा होता. फास्टॅगमध्ये पैसे नसतातच, फक्त क्रमांक असतो. पैसे तुमच्या खात्यात, आणि ते वळते होतात फक्त नोंदणी झालेल्या टोलनाक्यासारख्या ठिकाणाहून. त्या व्हिडिओमुळे काच पुसणाऱ्या पोरांकडे लोक संशयानं बघायला लागले, याचं मला वाईट वाटतं. मेट्रोच्या एनसीएमसी कार्डाचं, म्हणजे वेगवेगळ्या प्रवासाला चालणाऱ्या 'नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डा'चं, उलट आहे. प्रवासाची शिल्लक चिपमध्येच असते, म्हणून गेट बँकेला विचारत बसत नाही. पण कार्ड हरवलं तर ती शिल्लक खिशातल्या नोटेसारखी गेली.

[दिवा लावून, फाटकी पट्टी कॅमेऱ्यासमोर]

काही जण फास्टॅग काचेवर न लावता हातात धरून दाखवतात. असं करू नका. त्याची अँटेना काचेवर चिकटलेली असेल असं धरून बनवलेली असते. तळहातात ओलावा असतो, तो लहरी शोषतो, वाचक-यंत्र चुकतं आणि मागे रांग लागते. आतल्या आरशाच्या मागे, काचेच्या वरच्या भागात मधोमध लावा.

आणि एकदा लावला की काढून दुसऱ्या गाडीला लावता येत नाही. ही माझ्या जुन्या गाडीची पट्टी. सावकाश, नखानं सोडवली होती. तरी इथे बघा, अँटेनाची चंदेरी रेघ तुटलीये. ती मुद्दामच इतकी नाजूक ठेवलेली असते.