उत्तरेकडे तोंड करून

श्रोतेहो, नमस्कार.

२०२४ सालची अक्षय्य तृतीया आठवतेय का? १० मे, शुक्रवार. आमच्याकडे आमरस-पुरी झाली, दुपारची झोपही झाली. आणि त्याच रात्री, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास, फोन वाजला. अशा वेळी फोन वाजला की छातीत कसं धस्स होतं, ते तुम्हाला सांगायला नको. चाचपडत चष्मा शोधला, फोन घेतला, तर इंग्लंडहून भाची.

"मामा, आकाश गुलाबी झालंय! अख्खी गल्ली रस्त्यावर उभी आहे. अंगावर पायजमे, आणि सगळ्यांच्या माना वर!"

तिच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. उत्तर ध्रुवाकडचा अरोरा, म्हणजे तिकडच्या रात्रीच्या आकाशात उजळणारा रंगीत प्रकाश, तिच्या परसदारी उतरला होता. मी राहतो अलिबागला. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे इथून काही दिसणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी गच्चीवर गेलो आणि उत्तरेकडे तोंड करून उभा राहिलो. हवा दमट, आकाश धुरकट. उत्तरेला उजेड होता, नाही असं नाही. पण तो मुंबईचा होता.

आता हे सगळं कशामुळे झालं, ते सांगतो. त्या आठवड्यात सूर्यावर डागांचा एक प्रचंड समूह आला होता. ग्रहणाच्या चष्म्यातून, दुर्बिणीशिवाय दिसावा एवढा मोठा. त्या भागातून एकामागून एक स्फोट झाले आणि सूर्याच्या वातावरणातले तप्त, विद्युतभारित कणांचे लोट पृथ्वीच्या दिशेने सुटले. मागून निघालेला लोट पुढच्याला गाठत होता. उजेडाला सूर्यापासून इथे यायला आठ मिनिटं लागतात. या लोटांना दीड-दोन दिवस, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ हातात असतो म्हणून अंदाज देता येतो.

पण हा अंदाज पावसाच्या अंदाजापेक्षाही लबाड. लोट येणार हे कळतं, केव्हा येणार हे साधारण कळतं. कळत नाही ती एकच गोष्ट, आणि नेमकी तीच महत्त्वाची. प्रत्येक लोट स्वतःचं चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन येतो. त्याची दिशा दक्षिणेकडे असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं, दार उघडतं आणि सूर्याकडची ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असेल तर दार जवळजवळ बंदच. ही दिशा खात्रीने कळते ती लोट पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर येऊन पोचल्यावर. सूर्याचा अभ्यास करणारं आपलं यान, आदित्य एल-१, तिथेच आहे, ६ जानेवारी २०२४ पासून. तिथून पुढे लोटाला इथवर यायला फार तर तासभर. म्हणजे अरोरा बघायला थंडीत कुडकुडत बसलेल्या माणसाला खरी बातमी मिळते ती अगदी शेवटच्या तासात. कितीतरी वेळा लोक रात्रभर बसतात आणि कोरडेच घरी जातात.

त्या रात्री दार उघडलं, आणि सताड उघडलं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अशी खळबळ उडते, तिला चुंबकीय वादळ म्हणतात. त्याची ताकद मोजायला पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी आहे. हे वादळ पाचव्या पायरीवर गेलं. ऑक्टोबर २००३ नंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. चंद्रही शहाण्यासारखा वागला. तृतीयेची कोर, लवकर मावळली. गंमत बघा, ज्यांनी हा प्रकाश बघायचा म्हणून हजारो रुपये मोडून नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला खोली घेतली असेल, त्यांची पंचाईत झाली. मे महिन्यात तिथे रात्र काळी होतच नाही. वीस वर्षांतलं सर्वांत मोठं वादळ डोक्यावर, आणि आकाश संधिप्रकाशाने उजळलेलं! म्हणून जाणाऱ्यांना माझं सांगणं, सप्टेंबर ते मार्च या काळातच जा, आणि वादळाआधी ढगांचा अंदाज बघा.

आपल्या देशातही तो दिसला बरं का. लडाखमध्ये हान्ले इथे, साडेचार हजार मीटर उंचीवर, बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिथल्या कॅमेऱ्यांनी त्या रात्री क्षितिजालगत लाल आभा टिपली. हिरवी नाही, लाल. हवेतला ऑक्सिजनच दोन्ही रंग देतो. हिरवा साधारण शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर, लाल दोनशेच्या वर. लाल प्रकाश देणाऱ्या अणूला उजळायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात दुसऱ्या अणूचा धक्का बसला तर तो विझूनच जातो. म्हणून हा रंग विरळ हवेतच जमतो. आणि लांबून बघणाऱ्याला पृथ्वीच्या गोलाईआडून वरचा मजला तेवढा दिसतो, खालचा झाकला जातो.

भाचीने नंतर फोटो पाठवले. जांभळे, गुलाबी, हिरवे पट्टे. मी विचारलं, "खरंच एवढं दिसत होतं?" जरा वेळाने उत्तर आलं, "नाही मामा, डोळ्यांना फिकट होतं. राखेत गुलाबी मिसळावा तसं. फोनमध्ये जास्त दिसलं." अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, विशेषतः लाल, कॅमेरा मात्र काही सेकंद उजेड साठवत बसतो. पण ती म्हणाली, ते हलत होतं. ते काही फोटोत आलं नाही.

आता आमच्या अलिबागची गोष्ट. गच्चीवर मी उभा होतो तेव्हा गावात एका ठिकाणी हे वादळ अगदी स्पष्ट दिसत होतं. आमच्या चुंबकीय वेधशाळेत. रात्री साडेदहाच्या सुमारास चुंबकीय क्षेत्राला पहिला धक्का बसला आणि मग ते कमी कमी होत गेलं. वादळात पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर विजेच्या प्रवाहाचं एक कडं तयार होतं. ते पृथ्वीच्या चुंबकत्वाला खाली खेचतं, आणि ही ओढ आपल्यासारख्या विषुववृत्ताजवळच्या ठिकाणी नीट मोजता येते. रोषणाई ध्रुवाकडच्यांच्या वाट्याला, मोजणी आपल्या वाट्याला.

ही वेधशाळा मूळची मुंबईत कुलाब्याला होती. आपले गणितज्ञ केरूनाना छत्रे तरुणपणी तिथेच कामाला होते. मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं, विजेच्या तारांनी चुंबकाचे काटे बिघडणार, म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात, १९०४ मध्ये, ती अलिबागला आली. एका ट्रामपायी आमच्या गावाचं नाव जगाच्या नकाशावर गेलं म्हणा ना.

त्याआधी, २ सप्टेंबर १८५९ ला, याच कुलाब्यात माणसांनी डोळ्यांनी वाचून एक नोंद केली. चुंबकीय क्षेत्रात सुमारे सोळाशे नॅनोटेस्लाची घसरण; नॅनोटेस्ला हे ते क्षेत्र मोजायचं एकक. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर झळाळी पाहिली होती; त्याच वादळाची ही नोंद. तेव्हा अमेरिकेतल्या तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या, कॅरिबियन बेटांपर्यंत अरोरा दिसला. मुंबईकरांना का नाही दिसला? कारण कुलाब्याच्या काट्याने तळ गाठला तेव्हा इथे लख्ख दिवस होता. नशीब म्हणतात ते हेच.

ते फिरलं साडेबारा वर्षांनी. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. पावसाळा नाही, विजेचे दिवे नाहीत. मुंबई-एडन तारेवरचे संदेश तासन्‌तास विस्कळीत झाले आणि मुंबईच्या आकाशात अरोरा दिसला. तशी नोंद आहे. मुंबईत, श्रोतेहो! १९ अंश अक्षांशावर. रात्री उठून चौपाटीवर आलेल्या माणसाला ते काय वाटलं असेल? कुठे तरी आग लागली, असंच बहुधा.

म्हणून माझं गच्चीवर जाणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं, असं मी घरच्यांना सांगत असतो. साधारण दर अकरा वर्षांनी वाढणारा सूर्याचा जोर आता ओसरणीला लागलाय, पण मोठी वादळं ओसरतानाही येतात. २००३ चं तसंच आलं होतं. पुन्हा फोन आला तर मी पुन्हा वर जाणार. चष्मा तेवढा आता उशाशी ठेवतो. त्या रात्री तो शोधण्यातच पाच मिनिटं गेली होती.

नमस्कार.